मनोरंजन बीटवर येणाऱ्यांसाठी: कामाचं आणि घराचं वेळापत्रक

वृत्तवाहिनीत नव्याने रुजू झालेली मुलंमुली मनोरंजन बीट, म्हणजे सिनेमा-नाटक-मालिकांच्या बातम्यांचं काम, मागायला येतात तेव्हा मी त्यांना एकच विचारते, गेल्या महिन्यात कोणतं नाटक पाहिलंस? आवडता हिरो कोण, असं काहीतरी मी विचारेन अशी त्यांची तयारी असते. नाटकाचं नाव ज्याला पटकन सांगता येतं, ते दादरच्या शिवाजी मंदिरला पाहिलं की ठाण्याच्या गडकरीला हे सांगता येतं आणि मध्यंतरात लोक काय बोलत होते हेही आठवतं, ते मूल या बीटवर टिकतं असा माझा अनुभव आहे. कलाकारांच्या जवळ पोचणं इथे फारसं अवघड नाही. जवळ पोचल्यावर त्यांच्या कामाबद्दल बोलण्यासारखं आपल्याकडे काहीतरी असणं अवघड आहे.

मी मुंबईत, मराठी वृत्तवाहिन्यांवर, हीच बीट सांभाळत आले. लग्न याच काळात झालं, मुलगी याच काळात झाली, सासूबाईंचं आजारपण याच काळात निभावलं. त्यामुळे कामाचं वेगळं आणि घराचं वेगळं असं मला सांगता येणार नाही. लोकांची संध्याकाळ, लोकांची सुट्टी, लोकांचा सण ही आपली कामाची वेळ असते, आणि हे घरातल्या प्रत्येकाला रोज जाणवतं. या क्षेत्रात येणाऱ्याने हे पहिल्या दिवशी समजून घेतलं तर पुढचे बरेच वाद टळतात.

आधी आठवडा समजून घ्या. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्ही रेटिंगचे, आकडे येतात, शुक्रवारी सिनेमे लागतात. सगळं या दोन दिवसांभोवती फिरतं. बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी प्रेस शो, शुक्रवारी सकाळी थिएटरबाहेर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया, शनिवार-रविवार नाटकं, प्रमोशन, पुरस्कार सोहळे. सोमवारी तीन दिवसांच्या कमाईचे आकडे आणि पुढच्या आठवड्याचं प्लॅनिंग. त्यावर वर्षाचं चक्र वेगळं चालतं. जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याचा पिफ चित्रपट महोत्सव, पाडव्याला गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रेतले कलाकार, गणपतीत कलाकारांच्या घरचे बाप्पा, दिवाळी पहाट, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. गणपतीचे दहा दिवस रजा मिळत नाही असं धरूनच चाला. माझ्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. त्या दीड दिवसापैकी आरतीपुरती का होईना मी घरी असेन, एवढं मी दरवर्षी महिनाभर आधी असाइनमेंट डेस्कला, म्हणजे कोणी कुठे जायचं ते ठरवणाऱ्यांना, लिहून देते. तोंडी सांगितलेलं डेस्कच्या लक्षात राहत नाही, आणि त्यात त्यांचाही दोष नसतो. तिथे दिवसभर आग लागलेली असते.

या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवी मुलं सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात.

बार्क ही संस्था २०१५ पासून टीव्हीचं रेटिंग देते. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत मीटर बसवलेले आहेत, त्यांवरून अंदाज काढला जातो. म्हणजे हा नमुना आहे, खानेसुमारी नव्हे. किती जणांनी कार्यक्रम लावला आणि किती वेळ पाहिला, या दोन्हींचं मिळून रेटिंग होतं. त्यामुळे ‘अमुक मालिका इतक्या कोटी लोकांनी पाहिली’ असं वाक्य कुणी हातात दिलं तर ते तसंच वाचू नका. मालिकेचं रेटिंग एका आठवड्यात थोडं हललं म्हणून ‘घसरण’ची पट्टी चालवायची नाही. त्या आठवड्यात क्रिकेटचा सामना होता का, महाएपिसोड होता का, वेळ बदलली का, हे आधी बघायचं. आणि वृत्तवाहिनी व मनोरंजन वाहिनी एकाच समूहाच्या असतील तर आपल्या घरच्या मालिकेचं कौतुक आणि दुसऱ्याच्या मालिकेची फक्त घसरण दाखवण्याचा मोह वरून खाली झिरपत येतो. हे तुमच्याही वाट्याला येईल. मी अशा वेळी पहिल्या पाचही मालिका क्रमाने द्यायचा आग्रह धरते. यादी पूर्ण दिली की वाद उरत नाही.

सिनेमाच्या कमाईचंही तसंच. ‘दहा कोटींचा गल्ला’ असं पोस्टर आलं की पहिला फोन निर्मात्याच्या पीआरला, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणाऱ्याला, करा आणि विचारा, ग्रॉस की नेट? ग्रॉस म्हणजे तिकीटखिडकीवर जमा झालेली सगळी रक्कम, जीएसटी धरून. नेट म्हणजे कर वजा करून. आणि निर्मात्या-वितरकाच्या हातात पडतो तो शेअर, तो त्याहून बराच कमी. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला, दोन महिने नवे मोठे सिनेमे लागले नाहीत. तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि त्यानंतर ३० असा ठरला. हे गणित डोक्यात असलं की मराठी सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात शो मिळाले नाहीत तर निर्माता का कळवळतो ते कळतं. पहिल्या आठवड्यात लोकांना सिनेमा लागल्याचंच माहीत नसतं, आणि तोंडी प्रसिद्धी होईपर्यंत खेळ सकाळी साडेनऊवर गेलेला असतो. ही बातमी आहे. ट्रेलर लाँचला कुणी कोणत्या रंगाचा ड्रेस घातला यापेक्षा कितीतरी मोठी.

शिक्षणाबद्दल नेहमी विचारलं जातं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत कलिन्याला गरवारे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीत आयआयएमसीच्या, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेच्या, केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. कुठूनही या, फार फरक पडत नाही. फरक पडतो तो याशिवाय काय केलंत याने. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेचा फिल्म अॅप्रिसिएशनचा अभ्यासक्रम जमला तर जरूर करा. मुंबईत असाल तर १९६८ पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचे सदस्य व्हा. जुने मराठी सिनेमे बघा, आणि बघताना छायालेखक कोण, संकलक कोण, ध्वनी कुणाचा हे वाचायची सवय लावा. श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीत बसणारा वार्ताहर मला लांबून ओळखू येतो. पुढे कधीतरी त्या संकलकाशी बोलायची वेळ येते आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे एवढ्यानेच संभाषणाची उंची बदलते.

भाषा दोन्ही हव्यात. मराठी स्वच्छ, आणि हिंदी न अडखळता. हिंदी सिनेमाच्या जंकेटला, म्हणजे ओळीने छोट्या मुलाखती होतात त्या प्रसिद्धी कार्यक्रमाला, ‘मराठी प्रेक्षकांसाठी दोन शब्द मराठीत’ एवढंच मागणारे वार्ताहर मी खूप पाहिले. नटी हसून ‘कसं काय महाराष्ट्र’ म्हणते आणि वेळ संपते. त्या पाच-सात मिनिटांत एक तरी खरा प्रश्न विचारायची तयारी हवी.

प्रश्न कसा असतो ते एका प्रसंगाने सांगते. घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत मराठी मालिकेच्या लग्नाच्या भागाचं चित्रीकरण होतं. आम्हाला मेकअप रूममध्ये बसवलं. मालिकेतली सासू साकारणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीची मुलाखत ठरलेली. कॅमेरामन दादांनी आधी एसी बंद केला, कारण त्याची घरघर आवाजात उतरते. दोन मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला. ताई शालू-दागिन्यांसह बसलेल्या, कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या शॉटशी जुळणी, राखायची असल्यामुळे त्यातलं काही काढताही येत नव्हतं. त्यांच्यासमोर मोबाइलवर त्याच दिवशीचे सहा-सात चॅनेलचे प्रश्न येऊन गेले होते, सगळे ‘लग्नाच्या सीनबद्दल काय सांगाल’ या चालीचे. मी आदल्या रात्री भाग बघून गेले होते. मी विचारलं, सुनेला ओवाळताना तुम्ही तबक डाव्या हातात घेतलंत आणि उजवा हात मागे ठेवलात, ते लेखनात होतं का? ताई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, नाही, ही बाई मनातून तिला स्वीकारत नाही, पण चारचौघांत दाखवणार नाही, म्हणून एक हात मी राखून ठेवला. मग त्या रंगभूमीवरच्या तालमींवर बोलल्या, हातांचं काय करायचं हे दिग्दर्शक कसं शिकवायचे त्यावर बोलल्या. बाहेरून सहायक दोनदा बोलवायला आला तरी उठल्या नाहीत. ती मुलाखत आम्ही कापाकापी न करता चालवली.

म्हणून भाग बघून जा. नाटक बघून जा. गाणं ऐकून जा. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न कुणालाही, कधीही विचारू नका.

सेटवरचे काही नियम कुणी लिहून देत नाही. कॉल टाइम विचारून घ्या आणि त्याच्या आधी पोचा. शॉट चालू असताना फोन सायलेंट नव्हे, बंद. मालिकांचे संवाद जागेवरच रेकॉर्ड होतात, तुमच्या कुजबुजीने एक टेक वाया जातो आणि युनिट ते विसरत नाही. स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअरच्या ताई, ड्रेसमन यांची नावं लक्षात ठेवा. ही मंडळी सेटचा कणा असतात आणि बातमीची खरी चाहूल त्यांनाच असते. मात्र त्यांनी विश्वासाने सांगितलेलं त्यांच्या नोकरीवर येईल अशा रीतीने कधी वापरू नका. पुढच्या भागातला ट्विस्ट दिसणार असेल तर कॅमेरा वळवा. मालिकेचे भाग हातात थोडे आणि प्रक्षेपण रोजचं, अशी ओढाताण सगळीकडे असते. आपण पाहुणे आहोत याचं भान ठेवलं तर पुढच्या वेळी दार उघडं असतं.

तांत्रिक बाबतीत थोडक्यात: बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, एवढंच घेऊन निघून येऊ नका. कटअवेज, म्हणजे मध्ये लावायची जोडदृश्यं, हवेत, सेटचा नैसर्गिक आवाज हवा, पीटीसीला, म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून बोलता तेव्हा, मागे काहीतरी घडत असलेलं हवं. माइकच्या बूमवरचा लोगो कॅमेऱ्याकडे आहे ना ते बघा. फीड, म्हणजे चित्रित केलेलं फुटेज, पाठवताना फाइलला तारीख, नाव, विषय लिहा, नाहीतर डेस्कवर ते कुणालाच सापडत नाही. आता मोबाइलसाठी उभं फुटेजही वेगळं घ्यावं लागतं, ते कॅमेरामन दादांवर न ढकलता स्वतः शिका.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. निधनाची बातमी.

२०२२ च्या २३ नोव्हेंबरच्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी पसरली. ते तेव्हा पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते, पण हयात होते. समाजमाध्यमांवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या, अनेक ठिकाणी बातमी चालली आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना खुलासा करावा लागला. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. माणूस आत झुंजतोय आणि बाहेर त्याच्या बायको-मुलींना तो जिवंत आहे हे जगाला सांगावं लागतंय, याहून मोठं दुःख आपण कुणाला देऊ शकत नाही. तीच गोष्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत पुन्हा झाली. ११ तारखेला निधनाच्या बातम्या चालल्या, हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना जाहीरपणे नाकाराव्या लागल्या. ते गेले २४ तारखेला.

माझा नियम साधा आहे. घरची व्यक्ती किंवा रुग्णालयाचं अधिकृत निवेदन, या दोहोंपैकी एक हाती असल्याशिवाय शब्द उच्चारायचा नाही. कुणा मोठ्या माणसाचं ट्वीट हा स्रोत नाही, त्यानेही कुठेतरी ऐकलेलंच असतं. डेस्कवरून ओरडा येतो की समोरच्या चॅनेलवर चाललंय, आपण मागे पडलो. अशा वेळी वाद घालत बसू नका, एकच वाक्य ग्रुपवर लिहा: ‘कुटुंबाकडून किंवा रुग्णालयाकडून दुजोरा नाही, चालवू नये.’ लिहिलेलं राहतं. संपादक लिहिलेल्यावर दुसऱ्यांदा विचार करतात. आणि ऑबिट पॅकेज, म्हणजे निधनानंतर दाखवायची त्या व्यक्तीच्या कामावरची बातमी, आधी करून ठेवण्यात संकोच बाळगू नका. लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ च्या सकाळी गेल्या आणि त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. ज्यांच्याकडे त्यांच्या गाण्यांचं, संगीतकारांचं, मराठी भावगीतांचं काम तयार होतं त्यांनी त्या दिवशी चांगली पत्रकारिता केली. बाकीचे ब्रीच कँडीच्या दारात कोण आलं, कोण गेलं एवढंच सांगत राहिले.

आत्महत्येच्या बातमीबाबत तर मार्गदर्शन स्पष्ट आहे. सुशांत सिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला निकाल दिला. मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असं चित्र उभं करू नका, तिच्या खासगीपणात शिरू नका, घटनेचं नाट्यरूपांतर दाखवू नका, असं त्यात म्हटलं आहे. पद्धत सांगायची नाही, चिठ्ठी दाखवायची नाही, आणि बातमीसोबत टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर द्यायचा. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार कंपनीच्या अंतर्गत समितीकडच्या तक्रारीतली नावं, साक्षीदार, कामकाज यांतलं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. ‘एक्सक्लुझिव्ह कॉपी आमच्याकडे’ म्हणून कागद पडद्यावर फिरवणं बेकायदा आहे.

कलाकारांच्या मुलांबद्दल माझं मत मुलगी झाल्यावर पक्कं झालं. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना, जानेवारी २०२१ मध्ये, अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांनी छायाचित्रकारांना पत्र लिहून आपल्या लेकीचे फोटो घेऊ नका अशी विनंती केली. मी तेव्हा मांडीवर आठवडाभराचं बाळ घेऊन ती बातमी वाचली आणि परत कामावर आल्यावर संपादकांकडे जाऊन सांगितलं की शाळेच्या दारात, विमानतळावर, बागेत मुलांचं चित्रीकरण मी करणार नाही. तोवर ते काम मी नापसंतीने का होईना करत होते. त्यांनी लगेच मान्य केलं असं नाही. पण ‘त्या ऐवजी काय देशील’ असं विचारलं, आणि मी बालनाट्यांवर मालिका देते म्हटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या बालनाट्यांवरचे ते भाग छान चालले. नकार देताना हातात पर्याय असू द्या, न्यूजरूममध्ये त्यालाच वजन असतं.

हेच उलट बाजूनेही लागू आहे. माझ्या मुलीचा फोटो मी कामाच्या हँडलवर टाकत नाही. तिला शूटिंगला घेऊन जात नाही. नातेवाइकांना पासेस, सेल्फी, ‘आमच्या मुलाला मालिकेत चान्स’ हे सगळं सुरुवातीलाच नाही म्हणून सांगितलं. सासरी थोडी नाराजी झाली. सासूबाईंनीच पुढे होऊन सगळ्यांना सांगितलं, ती तिथे नोकरीला आहे, लग्नाला बोलवायला नाही. नंतर कुणी विचारलं नाही.

सासूबाईंबद्दल लिहायलाच हवं. त्यांना माझं काम सुरुवातीला पटलं नव्हतं. रात्री अकराला पुरस्कार सोहळा सुरू होतो, दोनला संपतो, सून पहाटे घरी येते, हे पचायला कुणालाही वेळ लागतो. मी समजावत बसले नाही. एका नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगाला विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाला त्यांना सोबत नेलं, स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून. प्रयोग संपल्यावर मी बाहेर मुलाखती घेत होते आणि त्या कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. घरी येताना टॅक्सीत म्हणाल्या, तू लोकांना बोलू देतेस. त्यानंतर माझं जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि शेजारी एखाद्या मालिकेबद्दल त्यांचं स्पष्ट मत लिहिलेली चिठ्ठी. त्यांची मतं मी डेस्कवर वाचून दाखवायचे. मराठी मालिका रोज मनापासून बघणारा माणूस आमच्या न्यूजरूममध्ये कुणीच नव्हता.

नवरा बँकेत आहे. त्याचा रविवार पक्का, माझा गुरुवार-शुक्रवार भरलेला. आम्ही कॅलेंडर भिंतीवर लावतो. दर महिन्याला दोन संध्याकाळी मी कुठेही जात नाही, आणि त्या आधीच डेस्कला कळवलेल्या असतात. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका मोठ्या हिंदी सिनेमाचं जंकेट आलं होतं. मी सहकाऱ्याला प्रश्न लिहून दिले आणि शाळेत गेले. त्याने मुलाखत माझ्यापेक्षा चांगली घेतली. बीट एकट्याची मालमत्ता समजू नका. ज्याच्याशी तुम्ही संपर्क वाटून घ्याल तोच तुमच्या घरच्या दिवशी उभा राहील.

मुलींना हक्कांबद्दल नेमकं सांगते, कारण मुलाखतीत हे कुणी सांगत नाही. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर तुमची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. ‘गाडी नाही, रिक्षाने जा, बिल लाव’ हे उत्तर स्वीकारू नका. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास असते आणि पुरस्कार सोहळे त्याच्या नंतर संपतात. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात ‘कामाची जागा’ म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. कामासाठी गेलात तो सेट, ते हॉटेल, ऑफिसने दिलेली गाडी, हे सगळं त्यात येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. तुमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीत कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याची चौकट वृत्तपत्रांपुरती होती, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतले पत्रकारही आले आणि नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. ते हातात घेतल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका.

रजेवरून परतल्यावर बीट दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. माझ्याही बाबतीत तेच झालं. मला डेस्कवर बसवलं, सकाळची शिफ्ट, ‘तुझ्या सोयीसाठी’. मी दोन महिने ते केलं, पण संपर्क तुटू दिले नाहीत. दुपारी बाळ झोपलं की चार फोन करायचे, नुसती विचारपूस. एका ज्येष्ठ नाट्यनिर्मात्यांनी त्याच काळात फोनवर नव्या नाटकाची बातमी दिली, ती मी घरातून फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी, देऊन चालवली. त्यानंतर मला फील्डवर परत घेतलं. रजेच्या काळात कुणी फोन करणार नाही असं गृहीत धरून गप्प बसू नका.

पैशांचं सांगायचं तर सुरुवातीचा पगार मुंबईत एकट्याने राहण्याला पुरत नाही. गोरेगाव-मालाड-मीरा रोडला दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या, चित्रनगरी आणि अंधेरी तिथून जवळ पडतात. पगार कमी म्हणून जंकेटच्या भेटवस्तू, पाकिटं, ‘शहराबाहेर प्रमोशनला या, सगळा खर्च आमचा’ या गोष्टींकडे सवलत म्हणून बघायची सवय लागते. डायरी आणि पेन ठीक. त्यापलीकडचं ऑफिसला कळवून परत करा. निर्मात्याच्या खर्चाने गेलात तर बातमीत तसं सांगा. मार्केटिंग विभागाने विकलेला कार्यक्रम आणि संपादकीय मुलाखत यांत पडद्यावर फरक दिसला पाहिजे, हे बोलून दाखवणारं कुणीतरी टीममध्ये असलं पाहिजे.

कलाकारांशी मैत्री होते का, असंही विचारतात. होते, थोड्यांशी. माझ्या मैत्रिणीसारख्या झालेल्या एका अभिनेत्रीच्या सिनेमाचं परीक्षण आलं की मी ते करत नाही, सहकाऱ्याला देते आणि तिलाही तसं सांगते. तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. घटस्फोट, आजारपण, गर्भपात यांबद्दल मैत्रीतून कळलेलं बातमीत येत नाही. ती व्यक्ती स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाली तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या.

अर्ज करताना काय पाठवायचं ते सांगते. तीन क्लिप पुरेत. एक, तुम्ही स्वतः लिहिलेलं आणि आवाज दिलेलं अडीच मिनिटांचं पॅकेज, शक्यतो पडद्यामागच्या माणसावर: प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, नाटकाचा व्यवस्थापक, कुणीही. दोन, न थांबता घेतलेली एक मुलाखत, संपादन न केलेली, म्हणजे तुम्ही ऐकता की नाही ते आम्हाला कळतं. तीन, मोबाइलवर उभ्या चौकटीत केलेली एका मिनिटाची बातमी. सोबत नुकत्याच पाहिलेल्या मराठी नाटकावर दीड पान परीक्षण, शुद्धलेखन तपासून. कलाकारांसोबतचे सेल्फी जोडू नका. मुलाखतीला बोलावलं तर शनिवार-रविवार काम आहे का, रात्रीची गाडी कोण देतं, समितीत कोण आहे, हे प्रश्न तुम्ही विचारा. नीट विचारणाऱ्या मुलीला आम्ही आजवर त्या कारणाने नाकारलेलं नाही.